पडून असलेल्या इंजिनाचा पाझर

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाट जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या सीमेवर येते आणि गोंदिया जिल्ह्याच्या कडेने वाहताना दवनीवाडा, धापेवाडा या पट्ट्यातील गावांना उन्हाळ्यात वाळूचे रुंद पात्र आणि पावसाळ्यात पुराची धास्ती अशी दोन अगदी वेगळी रूपे दाखवते. वरच्या अंगाला भीमगड येथील संजय सरोवर धरणातून मोठा विसर्ग झाला की त्याचा परिणाम खालच्या गावांना भोगावा लागतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोंदियापासून भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंत जो पूर आला, त्याचे हेच एक मोठे कारण होते. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या ढिवर समाजाचा डोंगा वल्ह्याने किंवा बांबूने चालतो, त्याला इंजिन नसते. इंजिनाची नाव या भागात येते ती प्रामुख्याने शोध व बचाव पथकांबरोबर, म्हणजे हवा भरलेली रबरी नाव किंवा फायबरची नाव, आणि तिच्या मागच्या फळीला स्क्रूच्या पकडीने अडकवलेले, वरच्या बाजूस इंजिन व खालच्या टोकाला पंखा असलेले यंत्र, ज्याला आउटबोर्ड मोटर आणि पथकांच्या बोलीत नुसते ‘ओबीएम’ म्हणतात.

कोकण किनाऱ्यावरील किंवा केरळमधील मासेमारीच्या होडीवरचे असे इंजिन हंगामात जवळजवळ रोज चालते, तर पूर्व विदर्भातील बचाव नौकेचे इंजिन वर्षातील बहुतांश काळ एखाद्या कार्यालयाच्या गोदामात उभे किंवा आडवे असते आणि पुराच्या चार-आठ दिवसांत त्याच्याकडून एका खेचीत सुरू होण्याची अपेक्षा केली जाते. इंधन आणि तेलाच्या गळतीचा विचार करताना हा फरक मूलभूत ठरतो. रोज चालणाऱ्या इंजिनात भाग झिजतात म्हणून गळती होते. पडून असलेल्या इंजिनात रबर आखडते, पेट्रोल आटून चिकट होते, पाणी तळाशी बसते, आणि झीज जवळपास शून्य असूनही यंत्र अनेक ठिकाणी पाझरू लागते. सेवापुस्तिकेतील देखभालीचे तक्ते नुसत्या चालवलेल्या तासांवरून वाचले तर वर्षाकाठी मोजके तास चाललेले इंजिन कागदावर नवेकोरे दिसते, आणि तपासणी नेमकी तिथेच फसते.

गळती शोधण्याची पहिली पायरी पाना हाती घेण्याची नाही, तर ठिबकणारा द्रव कोणता हे ठरवण्याची असते. आउटबोर्ड मोटरमध्ये तीन-चार निरनिराळे द्रव असतात आणि ते एकमेकांच्या वाटेवरून ओघळत असल्याने जिथे थेंब दिसतो तिथेच दोष असेल असे गृहीत धरता येत नाही. झाकणाखाली कार्बोरेटरमधून सांडलेले पेट्रोल इंजिनाच्या तळकढईतून मधल्या लांब पायावरून उतरत थेट पंख्यापाशी थेंब धरू शकते. त्यासाठी इंजिन कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून, खाली पांढरा जाड कागद पसरून, थेंब त्यावर पडू देणे ही साधी पण भरवशाची रीत आहे. शुद्ध पेट्रोल काही मिनिटांत उडून जाते आणि मागे फारसे काही उरत नाही. तेल मिसळलेले पेट्रोल उडाल्यावर तेलकट कडे ठेवते. गियरचे तेल दाट असते, पसरत नाही आणि त्याला गंधकयुक्त मिश्रकांचा उग्र वास येतो. चार-फेरी (फोर-स्ट्रोक) इंजिनाचे वापरलेले तेल काळसर व गुळगुळीत असते. पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग मात्र फार दिशाभूल करतो, कारण तेलाचा एखादा थेंबही पाण्यावर अतिशय पातळ थरात दूरवर पसरतो आणि मोठी गळती असल्याचा भास निर्माण करतो.

दुसरा प्रश्न गळती केव्हा होते हा आहे, आणि त्याचे उत्तर इंधनाच्या प्रवासात दडलेले आहे. बचाव नौकेवरील टाकी इंजिनापासून वेगळी, साधारण पंचवीस लिटरच्या आसपासची असते. तिच्यातून निघालेली नळी मध्यभागी असलेल्या रबरी फुग्यातून, म्हणजे हाताने दाबायच्या पंपातून जाते आणि दोन्ही टोकांना झटकन बसणाऱ्या जोडण्यांनी टाकीला व इंजिनाला जोडली जाते. पुढे गाळणी, इंजिनावरचा पडदा-पंप (डायाफ्रॅम पंप) आणि शेवटी कार्बोरेटर असा क्रम लागतो. इंजिन चालू असताना पडदा-पंप टाकीकडून पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे टाकी ते पंप या संपूर्ण नळीत ओढ असते, दाब नसतो. या भागात नळीला चीर असेल तर बाहेर पेट्रोल न येता आत हवा शिरते. इंजिन अडखळते, वेग वाढवताच बंद पडते, आणि चालवणाऱ्याला गळतीची शंकाही येत नाही. तीच नाव काठावर उन्हात ठेवली की टाकीत दाब वाढतो आणि त्याच चिरेतून पेट्रोल ठिबकते. म्हणजे एकच दोष चालताना ‘इंजिन दम टाकते’ या तक्रारीत आणि थांबल्यावर ‘पेट्रोल गळते’ या तक्रारीत दिसतो, आणि पुष्कळदा या दोन तक्रारी वेगवेगळ्या मानून दोन वेगळ्या दुरुस्त्या केल्या जातात.

रबरी फुगा हा या कोड्यातील सर्वांत उपयोगी तपासनीस आहे, कारण तो हाताने दाबला की त्याच्या पुढच्या भागात दाब तयार होतो आणि चालू इंजिनात लपलेली चीर उघडी पडते. फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेला ठेवून आणि त्याचे बाहेर जाणारे तोंड वर धरून तो दाबत राहिले की निरोगी मार्गात तो लवकरच टणक होतो व काही काळ तसाच राहतो. तो कितीही दाबला तरी टणक होत नसेल तर एक तर फुग्यातील झडपा निकामी आहेत, किंवा टाकीकडून हवा येते आहे, किंवा पुढे कुठेतरी पेट्रोल वाहून जाते आहे. टणक होऊन लगेच मऊ पडत असेल तर नजर पुढच्या जोडण्यांकडे आणि कार्बोरेटरकडे वळवावी. याउलट इंजिन चालू असताना फुगा स्वतःहून चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवा येण्याचा स्क्रू बंद राहिला आहे किंवा टाकीतील नळी तुंबली आहे असे समजावे. ही गळती नव्हे, पण घाईत फुगा बदलून टाकणारे पुष्कळ असतात.

विदर्भाच्या उन्हाचा हिशोब इथे वेगळा मांडावा लागतो. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला सुमारे एक सहस्रांशाने प्रसरण पावते, म्हणजे पहाटे काठोकाठ भरलेली पंचवीस लिटरची टाकी दुपारी वीस अंशांनी तापली तर जवळजवळ अर्धा लिटर पेट्रोलला जागा उरत नाही, आणि शिवाय वाफेचा दाब असतो. हवेचा स्क्रू बंद आणि नळी इंजिनाला जोडलेली असेल तर हा दाब पेट्रोल पुढे ढकलतो, कार्बोरेटरमधील पेट्रोल अडवणारी सुई हार खाते आणि झाकणाखाली पेट्रोल साचते. म्हणून टाकी काठोकाठ न भरणे आणि नाव काठाला लागताच नळी इंजिनापासून सोडणे या दोन सवयींनी गोंदियासारख्या ठिकाणच्या बऱ्याच ‘गळत्या’ मुळात उद्भवतच नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती नावेच्या तळाशी साचून राहते आणि उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते; तेव्हा पेट्रोलचा वास येत असताना इंजिनाची दोरी खेचून पाहणे, किंवा गळती शोधण्यासाठी विजेचा उघडा दिवा जवळ आणणे, हे धाडस निव्वळ अविवेकाचे आहे.

रबराच्या भागांवर गेल्या काही वर्षांत आणखी एक ताण आला आहे. राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणले गेले आणि फेब्रुवारी 2023 पासून असे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. हे इथेनॉल उसाबरोबर मका आणि तांदळापासूनही तयार होते, त्यामुळे धानाच्या गोंदिया जिल्ह्याला त्याचे अप्रूप वाटायला हरकत नाही. जुन्या इंजिनाच्या नळ्यांना मात्र ते मानवत नाही. इथेनॉल विचारात न घेता बनवलेले रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि पुन्हा सुकले की आखडून तडकते, आणि भिजणे-सुकणे यांची ही आवर्तने अधूनमधूनच वापरल्या जाणाऱ्या इंजिनात सर्वाधिक घडतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळी गोदामात अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने उघड्या हवेच्या स्क्रूसह राहिली आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून विलग होतात आणि तळाशी बसतात. दोन-फेरी (टू-स्ट्रोक) इंजिनात, म्हणजे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते अशा इंजिनात, याचा धोका दुहेरी असतो, कारण तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि टाकीची नळी तळातून जे ओढते त्यात वंगणच नसते.

या इथेनॉलचा एक परिणाम गोंदियाच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. गळणाऱ्या गॅस्केटला, म्हणजे दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये बसवलेल्या पातळ पुठ्ठ्याच्या किंवा रबराच्या थराला, शेलॅक फासून बसवण्याची गावोगावच्या मिस्त्रींची जुनी पद्धत आहे, आणि हे शेलॅक लाखेपासून बनते, जिचा व्यापार व कारखानदारी गोंदियाला पूर्वापार परिचित आहे. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ही युक्ती पूर्वी चालून जात असे. अल्कोहोलमध्ये मात्र ती सहज विरघळते, आणि इथेनॉल हे अल्कोहोलच होय. परिणामी कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीवर शेलॅकने बंद केलेली गळती काही दिवसांनी परत सुरू होते आणि सुटलेला चिकटा बारीक छिद्रांत जाऊन बसतो. सिलिकॉनचा लेपही पेट्रोलमध्ये फुगून सुटतो. इंधनाच्या मार्गात लेप लावणे ही दुरुस्ती मानू नये. मूळ मापाचे गॅस्केट, इथेनॉलला टिकणारी इंधनाची नळी आणि गंज न धरणारे क्लॅम्प यांना तिथे पर्याय नाही. पाण्यासाठीची पारदर्शक प्लास्टिकची नळी तर कधीच वापरू नये, कारण ती थोड्याच काळात काचेसारखी कडक होते.

झाकण उघडल्यावर कार्बोरेटरखाली पेट्रोल दिसले तर दोष बहुधा सुईचा असतो. कार्बोरेटरच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येऊन टोकदार सुईला तिच्या बैठकीत दाबतो आणि पेट्रोल थांबते. पडून राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून गेले की उरतो तो लाखी रंगाचा चिकट थर, जो सुईला उघड्या स्थितीत धरून ठेवतो किंवा तिच्या रबरी टोकावर खाच पाडतो. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर गळती थांबली तर सुई अडकली होती असे निदान पक्के होते, दुरुस्ती मात्र होत नाही. वाटी उतरवून सुई व बैठक साफ करणे, टोकावर कडे उमटले असेल तर सुई बदलणे आणि फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरल्याचा आवाज येतो का ते पाहणे आवश्यक ठरते. स्कूटर आणि लुनाच्या काळात वाढलेल्या मिस्त्रीला यातील एकही भाग अपरिचित नसतो, त्यामुळे या दुरुस्तीसाठी इंजिन नागपूरला पाठवण्याचे कारण नाही. हंगामाच्या शेवटी वाटीचा तळस्क्रू उघडून पेट्रोल काढून टाकले तर ही वेळच येत नाही. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवण्याने बरेचसे पेट्रोल जळते, पण वाटीच्या तळाशी थोडे उरतेच.

पडदा-पंपाचा पडदा फाटण्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. दोन-फेरी इंजिनात त्यातून पेट्रोल थेट क्रँकपेटीत ओढले जाते आणि इंजिन धूर ओकते. चार-फेरी इंजिनात, जिथे वंगणाचे तेल स्वतंत्र पेटीत असते, काही रचनांमध्ये ते तेलात मिसळते. तेलपट्टीवरची पातळी भरल्याशिवाय वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नये. बाहेर एकही थेंब पडत नसताना झालेली ही गळती सर्वांत महाग पडते.

चार-फेरी इंजिनाच्या तेलाची दुसरी तक्रार वाहतुकीतून उद्भवते. पुराच्या घाईत इंजिन पिकअपच्या किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हौद्यात कसेही आडवे टाकले जाते, आणि तेल पेटीतून सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या मार्गात शिरते. घाटावर पोहोचल्यावर झाकणाखालून तेल ओघळते आणि सील फुटल्याचा समज होतो. प्रत्येक चार-फेरी इंजिनाची कोणती बाजू खाली ठेवायची हे निर्मात्याने ठरवलेले असते आणि पुष्कळदा तशी खूणही अंगावर असते. ती रंगाने मोठी करून ठेवणे हा खर्च न येणारा उपाय आहे. कोणत्याही इंजिनाचा पंख्याकडचा भाग त्याच्या वरच्या, सिलिंडरकडच्या टोकापेक्षा उंच राहू देऊ नये, कारण पायात अडकलेले पाणी सिलिंडरकडे उतरते.

दोन-फेरी इंजिनाबाबत एक गैरसमज दूर करावा लागतो. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे पंचवीस लिटरला अर्धा लिटर, असे मिश्रण जाळणारे जुन्या धाटणीचे इंजिन इंधनाचा सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक न जळताच बाहेर टाकते, कारण नवे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असताना जळालेला वायू बाहेर जाण्याचे दार उघडेच असते. हा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली सुटतो आणि त्यातील तेल पायाच्या आत थंड होऊन साचते. इंजिन ठेवल्यावर पंख्याच्या मध्यातून टपकणारे काळे, पातळ, धुराचा वास असलेले तेल हे बहुधा तेच असते, आणि त्यासाठी गियरपेटी उघडण्याची गरज नसते.

गियरपेटीची खरी गळती याहून वेगळी आणि वैनगंगेवर अधिक संभाव्य आहे. पायाच्या खालच्या टोकाला असलेल्या या पेटीत इंजिनाच्या उभ्या दांड्याची गती आडव्या दांड्यावर वळवली जाते, आणि दांडा जिथून बाहेर पडतो तिथे ऑइल सील, म्हणजे दांड्याला ओठासारखी चिकटून बसणारी रबरी कडी असते. नदीत वाहत आलेल्या किंवा फाटून अडकलेल्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्याभोवती गुंडाळला जातो, मागे सरकत सीलपर्यंत पोहोचतो आणि तिथे उष्णतेने व घर्षणाने ओठ कापतो. वरून पाहणाऱ्याला धागा दिसत नाही. कॉटर पिन काढून, नट सोडून, पंखा आणि मागचा वॉशर उतरवला तरच तो सापडतो, आणि पुराच्या पाण्यात काम केलेल्या प्रत्येक इंजिनाचा पंखा एकदा तरी उतरवून पाहणे अनिवार्य मानले पाहिजे. वैनगंगेची वाळू याच कामात भर घालते. तिचे कण ओठाखाली अडकून दांड्यावर खाच पाडतात, आणि खाच पडलेल्या दांड्यावर नवे सील बसवले तरी ते पाझरतच राहते, जोवर ते किंचित मागे-पुढे सरकवून गुळगुळीत भागावर बसवले जात नाही. अनेक इंजिनांत इथे दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक तेल आत ठेवणारे आणि एक पाणी बाहेर ठेवणारे. बसवताना दोघांचे ओठ एकाच दिशेला केले तर दोनपैकी एक काम होतच नाही.

या पेटीतून तेल बाहेर येते यापेक्षा पाणी आत जाते हे अधिक घातक असते. चालताना तापलेले तेल फुगून बाहेर झिरपते, इंजिन थांबून थंड पाण्यात निवू लागले की पेटीत ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून पाणी आत शिरते. ढवळले गेलेले तेल दुधाळ दिसते. पण महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात पाणी तळाशी बसून वर स्वच्छ तेल राहते, त्यामुळे वरच्या बुचातून डोकावून काही कळत नाही. खालचे बूच किंचित ढिले करून पहिले थेंब पाहावेत, कारण पाणी असेल तर तेच आधी येते. तेल नेहमी खालच्या छिद्रातून वर चढवत, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे लागते, नाहीतर आत हवेची पोकळी राहते. बुचांखालचे वॉशर एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत, आणि सील निकामी ठरवून पेटी खोलण्याआधी या दोन स्वस्त वॉशरांकडे पाहणे शहाणपणाचे ठरते.

निदानाची खात्री करण्यासाठी पावसाळ्यापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, वरून कापलेल्या दोनशे लिटरच्या पिंपात इंजिन चालवून पाहण्याची पद्धत आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणाऱ्या पंपाचे तोंड पूर्ण बुडेल इतके पाणी त्यात असावे लागते आणि पिंप उघड्यावर ठेवावे लागते. दोन-फेरी इंजिन चालल्यावर पाण्यावर तवंग येणारच, त्यावरून काहीही ठरवू नये. ते पाणी ओतून, पिंप व इंजिनाचा पाय पुसून, पंख्याच्या मध्यातील साचलेले तेल निथळू देऊन स्वच्छ पाणी भरावे आणि इंजिन न चालवता, इंधनाची नळी काढून, रात्रभर पाय बुडवून ठेवावा. सकाळी पाण्यावर दाट तेलाचे थेंब आढळले तर ते गियरपेटीतून आलेले असतात. पातळ तवंग आणि पेट्रोलचा वास आढळला तर कार्बोरेटरच्या वाटीकडे परत जावे लागते. आणि पाणी स्वच्छ राहिले तरी खालचे बूच एकदा ढिले करून पाहावे, कारण रात्रभरात पाण्याची वाट बाहेरून आत अशीही असू शकते.